शनीचा चंद्र आणि वाकडा गोळा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे लोक दोन वर्षं माझ्या मागे होते, अन दोन वर्षं मी नाही म्हणत होतो. यंदा हो म्हटलं ते एका गोळ्यामुळं. काचेचा गोळा, नारळाएवढा, एका बाजूनं गाल फुगवल्यासारखा वाकडा. रायपूरच्या गुढियारीत माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी तो बरीच वर्षं बसून होता. तेव्हा तो चारी बाजूंनी बंद होता. आता नाही. काहून नाही, तेच लिहायचं आहे.

अंकाचा पोट्टा म्हणाला, "दादा, तुम्ही बोलता तसं लिहून द्या, आम्ही शुद्ध करून घेऊ." मी त्याला सांगितलं, शुद्ध करायचं असन तर दुसऱ्याचं छापा. माझी शाळा चौथीत संपली हे खरं आहे. पण वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते, थकून यायचे, अन घरी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं होतं. लिहिताना लिहिल्यासारखं लिहायचं एवढं मलाही समजते. मधेच कुठं बोलणं घुसलं असेल तर ते घुसू द्यावं.

मी काच फुंकणारा. रायपूरच्या एका सरकारी कॉलेजात रसायनशास्त्राच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं माझी सारी नोकरी झाली. परीक्षानळ्या, चंबू, वाकड्या नळ्या, जे फुटलं ते जोडायचं अन जे बाजारात मिळत नाही ते बनवायचं. स्टोअरचे तिवारी बाबू मला पहिल्या दिवसापासून "फूँकन महाराज" म्हणत. मी त्यांना "ताला महाराज" म्हणत असे, कारण त्यांच्याकडून एक रबरी बूच काढायचं म्हणजे कुलूप फोडल्यासारखंच होतं.

लोकांना वाटते की काच फुंकणं म्हणजे फुगा फुगवणं. तसं नाही. नळी दोन्ही हातांत धरून ज्योतीवर सारखी फिरवत राहायची. दोन्ही हात एका वेगानं. काच आधी नारिंगी होते, मग मधासारखी ढिली पडते. हात थांबला की लोंबते. नळीच्या एका टोकाला बारीक रबरी नळी लावलेली असते अन तिचं दुसरं टोक, म्हणजे तोंडी, आपल्या दातांत. श्वास छातीतून द्यायचा नाही, गालातून द्यायचा, अन किती द्यायचा ते डोळ्यांनी नाही, जिभेनं समजते. काच किती मऊ आहे ते जिभेच्या टोकाला कळते. तापलेली काच पिवळी झगमगते, त्या झगमगाटात काही दिसत नाही, म्हणून निळसर-जांभळ्या काचेचा चष्मा लावायचा. तो पिवळं खाऊन टाकतो. वस्तू झाली की भट्टीत ठेवून हळू हळू थंड करायची. घाई केली तर आतमध्ये ताण राहतो, अन आज चांगली दिसणारी वस्तू उद्या टेबलावर बसल्या बसल्या आपोआप तडकते.

अजून एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. काचेचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात तेव्हा आतली हवा तापून पसरलेली असते. थंड झाली की ती आकसते. म्हणून अशी बंद केलेली काच कधी फोडली, तर ती हवा बाहेर सोडत नाही. आत ओढते.

हे काम मी नागपुरात उस्मान उस्तादांकडे शिकलो. त्यांच्या कारखान्यात एक नियम फार कडक होता. तोंडी ज्याची त्याची. भाऊ असो की बाप, दुसऱ्याची तोंडी तोंडात घ्यायची नाही, आपली कोणाला द्यायची नाही. काच कामगारांत छातीचे रोग फार, म्हणून तो नियम. मला तो नियम फार आवडला. आमच्या गावात पाणी वरून ओंजळीत ओतत. तो नियम काही लोकांसाठीच होता. उस्तादांकडचा नियम सगळ्यांसाठी होता. तिथं कोणाचं तोंड खालचं नव्हतं. मी त्यासाठीच त्या कारखान्यात टिकलो असं मला आता वाटते, काम तर पहिली दोन वर्षं हात भाजण्याचंच होतं.

कॉलेजात गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. आमच्याच गुढियारीचा, मालधक्क्यावरचा एक मुकादम होता. त्याला गुलाबजल काढायचं यंत्र पाहिजे होतं. मी बनवून दिलं. ते दर दोन महिन्यांनी दुरुस्तीला येई अन दर वेळी महुआच्या दारूच्या वासानं खोली भरून जाई. मी विचारलं, हा गुलाब कोणत्या झाडाचा? तो म्हणाला, जंगलातला आहे, दादा.

नवं राज्य झालं अन रायपूर राजधानी झाली तेव्हा तर मजाच होती. काल ज्या रस्त्यावर म्हशी बसत, तिथं लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या. एका साहेबानं मंत्र्याच्या सत्कारासाठी काचेची धानाची लोंबी मागितली. दाणा अन दाणा वेगळा फुंकून मी ती केली. साहेबानं ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली अन दुपारी रुमालात चुरा घेऊन परत आला. म्हणाला, इसको जोड़ दो. मी म्हटलं, साहेब, धान कांडल्यावर लोंबी नाही होत. त्यानं माझी तक्रार केली. तक्रारीचं काय झालं ते तिवारी बाबूंच्या कुलपाला माहीत.

पाठक मॅडम त्याच काळात माझ्याकडे येऊ लागल्या. ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत राहत, रसायनशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं, अन काहून नाही केलं ते विचारायची कॉलेजात कोणाची छाती नव्हती. खोलीत आल्या की त्या ज्योतीच्या डाव्या बाजूला उभ्या राहत, पदर मुठीत घट्ट धरून. उजवीकडे माझं कोपर चाले, म्हणून मी एकदा त्यांना डावीकडे उभं केलं होतं. मग त्या नेहमी तिथंच.

एक दिवस त्यांनी एक चित्र आणलं. खाली एक चंबू, वर एक मोठा गोळा, दोघांना जोडणाऱ्या नळ्या, मधे थंड पाण्यात बसवलेली एक नळी. गोळ्यात दोन बाजूंनी दोन तारा. त्या म्हणाल्या, खालचा चंबू म्हणजे समुद्र. तो उकळत राहील. वरचा गोळा म्हणजे आभाळ. तारांतून ठिणगी पडेल ती वीज. वाफ वर जाईल, थंड होऊन पावसासारखी परत समुद्रात येईल. पृथ्वी नवी होती तेव्हा जिवंत असं काहीच नव्हतं, अन हवाही आजच्यासारखी नव्हती. तर अशा आभाळात वीज पडून जीव ज्यापासून बनतो ते सामान आपोआप तयार होते का, ते पाहायचं.

मी विचारलं, "हे पाहिलं कोणी?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच करून पाहायचं."

हा प्रयोग आधी बाहेरच्या देशात झाला होता हे त्यांनी लपवलं नाही. पण त्यांचं आभाळ वेगळं होतं. शनीला पुष्कळ चंद्र आहेत, त्यातल्या एकाला स्वतःचं दाट आभाळ आहे, तसं त्यांना पाहिजे होतं. तिथं यंत्र उतरलं होतं अन त्याचा फोटो त्यांनी मला दाखवला. नारिंगी उजेड, गोल गोल गोटे, महानदी आटल्यावर दिसतात तसे. मी तो फोटो बराच वेळ पाहत राहिलो. इतक्या दूर जाऊन गोटेच निघाले याचं मला का कोण जाणे बरं वाटलं.

तिवारी बाबूंना कळलं तेव्हा ते सामान देताना म्हणाले, "शनि महाराज का चंद्रमा बन रहा है? पहले तेल चढ़ाओ, तब बूच मिलेगा." मी म्हटलं, आम्ही बुद्धाला मानतो, आम्हाला शनी लागत नाही. ते म्हणाले, "तो मैडम को लगेगा." मॅडमनी मागून ऐकलं होतं. म्हणाल्या, "मुझे तो लग ही चुका है, तिवारी जी."

गोळा बनवायला मी बसलो. काचेतून तार बाहेर काढणं हे सगळ्यात वाईट काम. काच अन तार तापल्यावर वेगवेगळ्या चालीनं फुगतात, अन जरा इकडेतिकडे झालं की तारेभोवती केसासारखी चीर जाते. त्यासाठी खास धातूची तार लागते, तिच्यावर आधी काचेचा मणी चढवावा लागतो. ते जमलं. आता वरचं आभाळ फुंकायचं होतं. मॅडमचे दोन विद्यार्थी आले होते, तिवारी बाबू दारात होते. मी रबरी नळी तोंडात घेतली, अन मॅडम म्हणाल्या, "थांबा दादा. या वेळी तुमचा श्वास आत नको."

मी ज्योत बंद केली.

त्यांनी पुढे काहीतरी सांगितलं, श्वासात ओल असते, ओलीत असं काही असते. मी ते ऐकलं नाही. खरं म्हणजे ऐकलं, पण कानात गेलं नाही. माझ्या कानात गावची विहीर होती. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला अन म्हटलं, "मग ज्याचा चालते त्याले बोलवा."

त्यानंतर मी त्यांचं काम हातात घेतलं नाही. त्यांनी चपराशाच्या हाती निरोप पाठवला, मी सांगितलं गॅस संपला. दुसऱ्यांदा पाठवला, मी सांगितलं छातीत दुखते. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"तिच्या घरी चहा पिऊन आले होते तुमी," ती म्हणाली. "कप कोणता दिला ते पाहून आले होते. तिच्या कपासारखाच होता म्हणून मले सांगत होते. आता काय झालं?"

मी म्हटलं, तुले नाही समजत. ती म्हणाली, "मले कपातलं समजते. काचेतलं तुमी पाहा."

मला राग आला ती माझी चूक होती असं मी आजही म्हणत नाही. माणसानं एखादी गोष्ट आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकली असली, की नवीन तोंडाला आधी बाजूला करून मग ऐकणं कठीण जाते.

मग एक दिवस दुपारी मॅडम स्वतः आल्या. डावीकडे उभ्या राहिल्या नाहीत, समोरच्या स्टुलावर बसल्या. मी चंबूचं तोंड घासत होतो.

"मी नीट बोलले नाही," त्या म्हणाल्या. "त्यात माझाही श्वास चालणार नाही, दादा. कोणाचाच नाही. माणसाच्या श्वासात जिवंत माणसाचं सामान असतं. ते आत पडलं तर विजेनं काय केलं अन आपण काय सांडलं, हे कसं कळणार?"

"तुमच्या श्वासाले आजपर्यंत कोणी नको म्हटलं नाही, मॅडम," मी म्हटलं. "म्हणून तुमाले 'कोणाचाच नको' म्हणणं सोपं जाते."

मग त्या म्हणाल्या की दोन वस्तू बनवा. एक आभाळ, त्यात कोणाचा श्वास नको, बाटलीतला कोरडा वायू वापरून. दुसरा एक साधा गोळा, तो मात्र तोंडानं फुंकलेलाच पाहिजे. त्यात शुद्ध पाणी घालून बंद करून ठेवायचं, वीज नाही, काही नाही. नंतर दोन्हीतलं तपासायचं. श्वासानं काय येतं ते दुसऱ्यात दिसेल, अन ते पहिल्यात नसेल तर कोणी बोट दाखवू शकणार नाही.

"म्हणजे माझा श्वास लागतेच," मी म्हटलं.

"लागतो. त्याच्याशिवाय त्या आभाळाला काही किंमत नाही."

हे मला पटलं. मी लगेच ज्योत पेटवली, साधा गोळा आधी. काच मऊ झाली, मी पहिला श्वास दिला, नारळाएवढी होऊ लागली. मॅडम उठून डावीकडे आल्या. अन मी श्वास घ्यायला तोंडी दातांतून सोडली, तर त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे."

मी म्हटलं, मॅडम, तोंडी कोणाची कोणी घेत नाही. आमच्यात नियम आहे. त्या म्हणाल्या, "तुमचा नियम ठाऊक आहे मला, तुम्हीच सांगितला आहे." अन माझ्या हातून रबरी नळी घेऊन, पदरानं न पुसता, तशीच तोंडात धरली अन फुंकली.

छातीतून फुंकली. सगळे नवे लोक छातीतूनच फुंकतात. गोळा एका बाजूनं असा फुगला की मला दोन्ही हातांनी सावरताना घाम आला. त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्या गोळ्याकडे पाहून हसू लागल्या.

"वाकडा झाला."

"सरळ होते. अजून मऊ आहे."

"राहू द्या वाकडा."

मी तो तसाच राहू दिला. भट्टीतून काढल्यावर त्यांनी पाणी घातलं, मी मान वितळवून बंद केली. उस्तादांचा नियम माझ्या हयातीत एकदाच मोडला, अन तो मी मोडला नाही.

दुसरं काम, म्हणजे श्वासाशिवायचं आभाळ, फार जड गेलं. वायूच्या बाटलीची नळी गुडघ्याखाली धरून दाबायची अन सोडायची, तोंड रिकामं. चव न घेता भाजी करण्यासारखं होतं ते. जीभ काही सांगत नव्हती, अन गुडघ्याला काच समजत नाही. एक फुगून फाटला, एक भट्टीतून निघाल्यावर टेबलावर तडकला. मॅडम रोज येऊन डावीकडे उभ्या राहत. शेवटी एक जमला.

तो लावला तो दिवस मला अजून दिसतो. आधी आतली सगळी हवा खेचून काढली, कारण आपली हवा राहिली असती तर ठिणगीनं खोली उडाली असती. मग त्यांचे वायू सोडले. खाली समुद्र उकळू लागला, वर दोन तारांमध्ये निळी ठिणगी चरचर करू लागली. पहिल्या दिवशी काही नाही. मग पाणी पिवळसर झालं, मग चहासारखं. काचेच्या आतल्या बाजूला नारिंगी साय धरू लागली. मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या होत्या.

"हेच ते आभाळ, दादा," त्या म्हणाल्या. "तिथं आत्ताही असंच साचत असेल. एकदा जाऊन बोट बुडवून पाहायला पाहिजे."

"लई दूर आहे म्हणता."

"दूर आहे ना. म्हणूनच वाटतं."

प्रयोग संपल्यावर ते तपकिरी पाणी मी छोट्या छोट्या कुप्यांत भरून बंद करून दिलं. थोडं त्यांनी बाहेरगावी तपासायला पाठवलं. त्यात जीव ज्यापासून बनतो ते सामान सापडलं. जीव नाही, फक्त सामान. घराच्या विटा, घर नाही, असं त्यांनी मला समजावलं. त्यांनी पेढे वाटले, तिवारी बाबूंनी दोन खाल्ले अन म्हणाले, शनि प्रसन्न. पण ज्यांच्याकडे हे छापायला पाठवलं होतं त्यांनी विचारलं, हे काच बनवणाऱ्याच्या श्वासातून किंवा हातातून आलं नाही हे कशावरून?

मॅडमना त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, बरोबर विचारलं, अन त्यासाठीच तर आपल्याकडे वाकडा गोळा आहे. फक्त त्यातलं फार थोडं मोजायला जसं यंत्र लागतं तसं आमच्याकडे नव्हतं. नवी राजधानी होऊन राहिली होती. शहराबाहेर नव्या रायपुरासाठी शेतं घेऊन रस्ते आखत होते. तिथं नवी प्रयोगशाळा होणार, यंत्र येणार, असं सगळे सांगत. मॅडम वाट पाहू लागल्या. माझ्या खोलीत येऊन कपाटातला गोळा पाहून जात, बस. यंत्र पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांची नोकरी संपली, यंत्र आलं नाही. मग त्या आजारी पडल्या.

मी ब्राह्मणपाऱ्यात त्यांना भेटायला गेलो होतो. खाटेवर बसल्या होत्या, फार बारीक झाल्या होत्या. चहा आला, तेच कप. तब्येतीचं मी विचारण्याआधी त्यांनीच विचारलं, गोळा नीट आहे ना?

मी म्हटलं, आहे.

"यंत्र येईपर्यंत ठेवा," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "माझ्या फुंकण्यानं वाकडा झाला तो. तुमचं नाव खराब केलं मी."

मी म्हटलं, माझं नाव इतकं हलकं नाही. त्यावर हसल्या. ती शेवटची भेट.

त्या गेल्या, मी रिटायर झालो, अन माझी पत्र्याची खोली पाडून तिथं स्कूटर ठेवायची जागा केली. आता काच बाहेरून डब्यांत भरून येते. पाडापाडीच्या आधी मी जाऊन गोळा गमछ्यात गुंडाळला अन घरी आणला. कोणाला विचारलं नाही. त्याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणावं. भंगारवाला तो किलोच्या भावानं घेऊन गेला असता.

माझी छाती आता कामातून गेली आहे. डॉक्टरनं नातवाचा फुगाही फुगवू नका म्हणून सांगितलं. सकाळी उठल्यावर खोकला थांबेपर्यंत मी त्या फळीकडे पाहत बसे. त्या गोळ्यात माझा तेव्हाचा श्वास होता, गालातून मोजून दिलेला, एका श्वासात नारळाएवढी काच फुगवणारा. अन त्याच्यात मॅडमचा. फोटो माझ्याकडे त्यांचा एकही नाही. पाहायला काही नव्हतं, काचेत थोडं पाणी अन वर रिकामी जागा. पण त्या रिकाम्या जागेत काय आहे ते मला माहीत होतं.

मागच्या वर्षी साहू आला. हेमंत साहू, मॅडमचा शेवटचा विद्यार्थी, आता नव्या रायपुरात शिकवतो. म्हणाला, दादा, यंत्र आलं. मॅडमच्या कपाटात तुम्ही बंद केलेल्या कुप्या अजून आहेत, तपकिरी पाणी तसंच आहे. फक्त वाकडा गोळा पाहिजे.

मी नाही म्हटलं. तो पुन्हा आला, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा बायकोनं त्याला चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, खाऊ घातला अन माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहू लागलो. साहूनं हात धुतले, फळीकडे पाहिलं, हात लावला नाही.

"दादा, एक बात पूछूँ? मैडम ने आपको रखने के लिए कहा था, कि मशीन आने तक रखने के लिए कहा था?"

बायकोनं फळीवरून डाळीचा डबा बाजूला सरकवला.

नव्या रायपुरात मी पहिल्यांदाच गेलो. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जाऊ नये. माणसंही फार नव्हती. गोळा माझ्या मांडीवर, त्याच जुन्या गमछ्यात. साहू गाडी बैलगाडीसारखी हळू चालवत होता, मीच त्याला म्हटलं, थोडी जोरात चालव बावा, ती लोंबी नाही.

तिथं काचेची एक पेटी होती, तिच्यात बाहेरची हवा जात नाही. भिंतीला लांब रबरी हातमोजे बसवलेले, त्यात हात घालून आतलं काम करायचं. साहू म्हणाला, "आपने बंद किया था, आप ही खोलिए." मी हात घातले. मोज्यातून काच नीट कळत नव्हती, पण कानसीनं मानेवर रेघ मारली अन दोन्ही अंगठे टेकवले. जवळच टिपकागदाचा एक बारीक तुकडा पडला होता.

मी वर लिहिलं आहे ते मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. बंद काच फोडली की ती आत ओढते. तरी मी पेटीच्या काचेला नाक लावून वाट पाहत होतो की काहीतरी बाहेर येईल. मान तुटली. कागदाचा तुकडा हलला, अन गोळ्याच्या तोंडात जाऊन बसला.

तेवढंच झालं.

काही आठवड्यांनी साहूनं पुन्हा बोलावलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, डोंगरांसारख्या चढउतार करणाऱ्या. एक मॅडमच्या तपकिरी पाण्याची, एक वाकड्या गोळ्याची. मला त्यातलं काही समजत नाही, पण डोंगर वेगवेगळ्या जागी होते हे कोणालाही दिसलं असतं. साहू म्हणाला, मॅडमच्या पाण्यातलं सामान श्वासातून आलेलं नाही. विजेतूनच आलं. आता मी तसं लिहून पाठवतो, त्यांच्या नावानं.

मी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "यातला माझा कोणता अन त्यांचा कोणता?"

त्याला प्रश्न समजला नाही, मी हिंदीत पुन्हा विचारला.

"ये नहीं बताएगा दादा. ये मशीन बस इतना बताती है कि साँस पड़ी थी. किसकी पड़ी थी, वो नहीं. दोनों एक ही लाइन में हैं."

"म्हणजे वेगळा नाही करता येत?"

"नहीं, दादा."

मी मॅडमना सांगायला म्हणून डावीकडे वळलो.